फिकट मार्मोसाचा मुलूख

फोन आला तेव्हा सुल्मा वेइसागाच्या डाव्या तळहातावर एक मार्मोसा उताणा पडला होता. मेलेला, पोटात कापूस भरलेला, शेपटीत तार घातलेला. उंदराएवढंच ध्यान, पण उंदराशी काडीचं नातं नाही, नातं कांगारूशी. डोळ्यांभोवती काळी वर्तुळं, जाडजूड शेपटी, आणि मादी असूनही पिलांसाठी पोटाला पिशवी नाही. ती त्याच्या पोटावरच्या केसांवर हलकेच फुंकर घालत होती. केस मुळापर्यंत पांढरे असले तर तो कोरड्या खोऱ्यातला फिकट मार्मोसा. मुळाशी राखाडी असले तर डोंगरापलीकडच्या ओल्या रानातला काळपट. सगळं आयुष्य तिनं ह्या फुंकरीत घालवलं होतं. हा कोणात बसतो, तो कोणात बसतो, ह्याचा मुलूख कुठं संपतो आणि त्याचा कुठं सुरू होतो. लोक हसायचे. हसोत बापडे. फोन वाजतच राहिला तशी तिनं वैतागून तो उजव्या हातानं उचलला. "दोन्या सुल्मा का? रक्तपेढीतून बोलतेय. रामिरो क्लारोसच्या ऑपरेशनसाठी तुम्ही रक्त दिलं होतंत ना, ते आम्हाला वापरता आलं नाही." "का? कमी भरलं का?" "नाही नाही, भरलं होतं चांगलं. तुम्ही जरा येऊन जाल का? आज जमलं तर आजच." आणि कारण न सांगताच त्या बाईनं फोन ठेवला.  सुल्मानं मार्मोसा ट्रेमध्ये ठेवला, तो आपल्या जागी न पडता शेजारच्या ओळीत पडला, आणि तो उचलून नीट ठेवावा हे तिला सुचलं नाही.

रामिरो तिच्याच संग्रहालयातला, पलीकडच्या खोलीत वटवाघळांचे नमुने सांभाळणारा. पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं, आणि ह्या कोचाबांबा शहरात ऑपरेशन ठरलं की पेशंटनं आधी रक्त देणारी माणसं गोळा करायची असतात, तसा तोही दारोदार फिरला होता. "तुझं रक्त म्हणजे नुसतं फॉर्मॅलिन असणार, दोन्या," तो बाईसाहेब म्हटल्यासारखं म्हणाला होता, "पण मला चालेल, मी तरी कुठं ताजा आहे?" ती हसत हसत गेली होती, हसत हसत हात पुढं केला होता. आता त्रुफीच्या, म्हणजे शेअर टॅक्सीच्या, पुढच्या सीटवर बसून ती त्याच हाताकडं बघत होती. कोपराच्या आत सुईची खूण राहिली नव्हती. काय असेल? एखादा कावीळबिवीळचा प्रकार असेल. आजकाल कायकाय शोधून काढतात. नाहीतर नावांचा घोळ असेल, एका वेइसागाचं रक्त दुसऱ्या वेइसागाच्या नावावर. असे घोळ तिनं स्वतः कितीतरी निस्तरले होते. एका मार्मोसाला तीन माणसांनी तीन नावं देऊन ठेवलेली, आणि प्रत्येकाला आपलंच नाव खरं वाटायचं. ती स्वतःची अशी समजूत घालत होती. शेजारची बाई मांडीवर भाजलेल्या मक्याची पिशवी घेऊन बसली होती, तिचा तो खमंग वास सुल्माला सहन होईना.

"चागासचा रोग," रक्तपेढीतली नर्स म्हणाली. तिचं नाव एल्बा, गोल चेहरा, बोलताना माणसाच्या मनगटावर हात ठेवायची सवय. "दोन्ही चाचण्यांत आलंय. घाबरू नका हो, या खोऱ्यात कमी का लोकांना आहे? माझ्या मामाला आहे, अजून दर रविवारी फुटबॉल खेळतो, वर आम्हालाच शिव्या घालतो." सुल्मानं विचारलं, "कधी झाला असेल?" "ते कसं कळणार? कधीतरी चावला असेल विन्चुका, तो रक्त पिणारा किडा. वीस वर्षं झाली असतील, चाळीसही असतील. रोग अंगात गप्प बसून राहतो. काहींच्या बाबतीत जन्मभर गप्प, आणि काहींचं हृदय हळूहळू सैल पडत जातं. तुम्ही लहानपणी मातीच्या घरात राहत होतात का?" "नाही. आमचं विटांचं होतं." "मग आश्चर्यच म्हणायचं. मुलंबाळं?" "एक मुलगी." "तिची तपासणी करून घ्या हं. आईकडून पोटातल्या बाळाला जाऊ शकतो हा. सगळ्यांना जातो असं नाही, पण जातो. केवढी आहे?" "तिशीला आली. तिला..." सुल्मानं बोटांवर महिने मोजले. "तिला सातवा महिना आहे." एल्बाचा हात मनगटावरून निघाला नाही, उलट जरा घट्ट झाला. "मग आजच बोला तिच्याशी. लपवू नका."

रस्त्यावर आल्यावर तिला पहिल्यांदा आपलं हृदय ऐकू आलं. तसं ते रोजच चालत असणार, छप्पन्न सत्तावन्न वर्षं चाललंच होतं, पण इतकी वर्षं ते घरातल्या कामवाल्या बाईसारखं होतं, असल्याची जाणीव न देता राबणारं. आता ते दर ठोक्याला सांगत होतं, मी आहे, मी आहे. आणि मध्येच एक ठोका चुकला. खरंच चुकला की भास झाला? ती भिंतीला टेकून उभी राहिली. जॅकरांडाची जांभळी फुलं फरशीवर चिकचिक झाली होती, त्यांवरून लोक बिनधास्त चालले होते. मागच्या महिन्यात जिना चढताना धाप लागली होती ती? पाय सुजतात ते? वयाचं म्हणून सोडून दिलं होतं सगळं. तिला वाटलं, आत्ता आपण इथंच कोसळणार, आणि हे सगळे लोक फुलं तुडवत आपल्या कडेनं जाणार. पण ती कोसळली नाही. कोसळली असती तर बरं झालं असतं असा एक घाणेरडा विचार तिच्या मनात आला, म्हणजे पोरीला, नोएलियाला, सांगायचं तरी टळलं असतं. लगेच तिनं तोंडातल्या तोंडात स्वतःला शिवी हासडली. भीती माणसाला काय काय सुचवते!

ती सरळ मुलीकडं गेली नाही. संग्रहालयात परत आली. का आली हे तिला सांगता आलं नसतं, पाय वळले एवढंच. खोलीत तिचा नकाशा भिंतभर टांगलेला होता. पेरूपासून खाली आर्जेन्टिनापर्यंतचा, डोंगर तपकिरी, रान हिरवं, आणि त्यावर तिनं एकेक करून चिकटवलेले ठिपके. फिकट मार्मोसा मिळाला तिथं पिवळा, काळपट मिळाला तिथं काळा. एकही ठिपका तिनं ऐकीव गोष्टीवर लावला नव्हता. गावकऱ्यांनी बघितलाय म्हणे, अमक्यानं लिहिलंय म्हणे, असलं काही तिच्याकडं चालायचं नाही. प्राणी हातात आल्याशिवाय ठिपका नाही. तरुण पोरं तिला टरकून असायची ती त्यामुळंच. आणि आज तीच भिंत बघताना तिला मार्मोसा दिसेनात. पिवळे ठिपके म्हणजे कोरडी खोरी, निवडुंग, दगडी बांध, आणि त्या बांधांच्या भेगांत विन्चुका. काळ्या ठिपक्यांत ओल, शेवाळ, तिथं तो किडा फारसा नाही. म्हणजे पिवळ्यांतलाच एखादा. कुठला? तिनं बोट ठेवलं. इथं गेलो होतो ते नोएलिया शाळेत जायला लागल्यावर. हाच असू दे, देवा, हाच असू दे! हा नोएलियाच्या जन्मानंतरचा. हाही नंतरचा. मग तिचं बोट खाली सरकलं, मिस्के गावाकडच्या वाटेवर, आणि तिथं पिवळे ठिपके एकमेकांना खेटून बसले होते, आणि ते सगळे त्या वर्षाचे होते. नोएलिया पोटात होती त्या वर्षाचे.

कसली ऊब होती त्या हिवाळ्याची! उजाडताना बांधावर हिम असायचं. फिकट मार्मोसाची एक रीत आहे, थंडी वाढली, खायला मिळेना, की तो स्वतःला बंद करून टाकतो. श्वास जवळजवळ नाही, अंग दगडासारखं गार. नवशिक्याला वाटतं मेला. पण जाणती माणसं त्याला मेलेला म्हणत नाहीत, ती त्याला छातीशी धरतात. सुल्माही सदऱ्याची गुंडी सोडून तो गारठलेला गोळा आत ठेवायची, वरून पोंचो ओढून घ्यायची, आणि कामाला लागायची. खाली पोटात नोएलिया लाथा मारत असायची आणि वर छातीवर हा हळूहळू जागा व्हायचा. आधी एक थरथर, मग मिशा हलायच्या, मग इवलेसे पंजे कातडीला धरायचे. तिला तेव्हा केवढी मौज वाटायची! दोघांना मिळून ऊब देतोय आपण, असं ती रामिरोला म्हणाली होती, आणि तो म्हणाला होता, "बघ हं, एखाद्या दिवशी चुकून भलत्यालाच जन्म देशील." घरटी ती हातानंच काढायची. भेगेत हात घालायचा कोपरापर्यंत, सुकं गवत, पिसं, सगळं मुठीत धरून बाहेर ओढायचं, मांडीवर पसरायचं. त्यातून किडे पळायचे. चपटे, काळसर, कडेला पिवळट पट्टे. ती ते बाहीनं झटकून टाकायची. झटकायची नि विसरायची. कारण ती केसाळ प्राण्यांची माणूस. किडे हा तिचा विषयच नव्हता.

वरच्या मजल्यावरची किड्यांवाली ग्लॅडिस तेव्हा मागं लागायची, "सुल्मा, बाई, त्या घरट्यांतले किडे आण ना गं जरा, एका बाटलीत भरून आण, तुझं काय जातं?" आणि ही म्हणायची, "तुझे किडे तू आण. मला माझी ओझी थोडी आहेत का?" सगळे हसायचे. चागास कुणाला माहीत नव्हता असं थोडंच आहे? या खोऱ्यात शाळेतली पोरंसुद्धा सांगतील. पण तो मातीच्या घरांतला रोग, गवती छपरांतला, गरिबांचा. सरकारची माणसं यायची, घरं फवारून जायची, दारावर खडूनं खूण करून जायची. डोंगरात कोण राहतो? डोंगरात कोण फवारणार? रोगाचा मुलूख घराच्या उंबऱ्यापाशी संपतो असं सगळे म्हणत होते आणि तिनंही ते मान्य करून टाकलं होतं. तिनं! जिनं दुसऱ्याच्या शब्दावर एक ठिपका लावला नाही, तिनं हे एवढं मोठं ऐकीव खपवून घेतलं, कारण ते शेजारच्या खात्यातलं होतं. खुर्चीत बसून ती त्या पिवळ्या ठिपक्यांकडं बघत राहिली आणि तिला हुडहुडी भरली. बाहेर ऊन रणरणत होतं. तिनं खांद्यावरून शाल ओढून घेतली तरी दात वाजायचे थांबेनात. मार्मोसाच्या मादीला पिशवी नसते. तांदळाच्या दाण्याएवढी पिलं सडांना तोंड लावून लोंबकळत राहतात आणि आई धावते तेव्हा ती दगडाधोंड्यांवरून फरफटतात, पण सुटत नाहीत. हे ती दर वर्षी नव्या पोरांना सांगायची, ती पोरं अगाई गं करायची. आज तिला तेच शब्द पुन्हा ऐकू आले. सुटत नाहीत. आईच्या रक्तात जे असेल ते घेऊन तिथंच चिकटून राहतात.

नोएलियाचं घर दोन जिने वर. दर पायरीला सुल्मा मोजून श्वास घेत होती. संध्याकाळच्या चहाची वेळ झाली होती. नोएलियानं दार उघडलं, पोट पुढं, केस वर बांधलेले, हातात इस्त्री. "अगं आई, तू? फोन तरी करायचास. ये. चपला काढ, फरशी पुसलीय मी आत्ताच, हे असं वाकून." तिचा नवरा इव्हेर अजून कामावरून यायचा होता. टेबलावर इवलेसे अंगरखे घडी घालून ठेवले होते. चहा आला, सोबत चीज भरलेल्या, करंजीसारख्या गरम एम्पानादा आल्या. सुल्मानं एक उचलली आणि तशीच हातात धरून बसली. ती मुलीकडं बघत होती. ओठ जरा निळसर आहेत का? इस्त्री करताना थांबली ती दमली म्हणून का? पाय सुजलेत, पण सातव्या महिन्यात सुजतातच. मानेवरची शीर उडतेय ती जास्त उडतेय का? "काय बघतेस?" नोएलिया म्हणाली. "मी काय तुझ्या ट्रेमधली आहे? फुंकर घालून बघ मग एकदाची." "काही नाही. तू नीट जेवतेस ना?" "दोघांचं जेवतेय. तुझंच तोंड कसं झालंय बघ. रामिरोमामाचं काही वाईट आहे का? ऑपरेशन बिघडलं का?" "नाही, तो बरा आहे." आता सांगायचं. चहा संपला की सांगायचं. चहा संपला. एम्पानादा बशीत ठेवून अंगरख्यांची एक घडी तिनं मोडली आणि पुन्हा घातली. एखादा दिवस थांबलं तर काय बिघडेल? इव्हेर घरी असताना सांगितलं तर? आणि पोटातलं ते, अजून जगात न आलेलं, त्याच्याबद्दल विचार करायला गेलं की तिचं मनच पुढं जायला तयार होईना, दारातून माघारी फिरे.

"नोएलिया," ती म्हणाली. "सुरुवातीला दवाखान्यात तुझं रक्त तपासलं होतं ना गं?"

इस्त्री थांबली. नोएलियानं ती हळूच उभी करून ठेवली आणि बटण बंद केलं. "तुला कुणी सांगितलं?" ती म्हणाली. "इव्हेरनं ना? मी त्याला हजारदा बजावलं होतं, माझ्या आईला सांगायचं नाही म्हणून. काय माणूस आहे! एक गोष्ट पोटात राहत नाही."

 तर हे असं होतं. आपण दिवसभर जे तोंडात धरून फिरत होतो ते इथं आधीच येऊन बसलं होतं. "म्हणजे आहे?" तिनं विचारलं. "आहे तर," नोएलिया म्हणाली, आणि मग एकदम खुर्चीत बसली, दोन्ही हात पोटावर ठेवून. "पहिल्याच तपासणीत आलं. आता तू रडू नकोस हं, माझं खूप रडून झालंय. आता काही करता येत नाही, पोटात असताना औषध देत नाहीत. जन्मलं की लगेच त्याचं रक्त बघणार. नसेल तर सुटलो. असलं तर तान्ह्यांना औषध लागू पडतं म्हणाले डॉक्टर, मोठ्यांसारखं नाही. लागू पडतं, असं म्हणाले. मी रोज तेच घोकते, लागू पडतं, लागू पडतं. आणि दुपारी झोप लागली की दचकून उठते. ते हललं नाही तर भीती, जास्त हललं तर भीती." ती हे एका दमात बोलली आणि ओठ चावत बसली. सुल्मा उठून तिच्यापाशी गेली. डोक्यावर हात ठेवला. तिला वाटत होतं आता हिला जवळ घ्यावं आणि दोघींनी मिळून भ्यावं, निदान एकटीनं तरी नको. "मला का नाही सांगितलंस?" "तू शोधत बसली असतीस, आई. कुठून आला, कधी आला. तुझं ठाऊक नाही का मला? आणि शोधायचंय काय त्यात? सगळं उघड आहे. त्या म्हातारीच्या घरातून आला."

"कुठल्या म्हातारीच्या?"

"इव्हेरच्या आईच्या. लग्नाआधी दोन वर्षं मी तिकडं शिकवायला होते तेव्हा तिच्याच घरी राहिले नव्हते का? मातीच्या भिंती, वर गवत. म्हणे फवारलंय. कसलं फवारलंय! तोंडावर सांगितलं मी तिला, तुमच्या घरानं माझ्या बाळाचं वाटोळं केलं.  ती नुसती भिंतीकडं बघत राहिली. तेव्हापासून मी तिचा फोन उचललेला नाही, आणि इव्हेरला सांगून ठेवलंय, बाळंतपणाला ती इथं पाऊल ठेवायची नाही. बाळ तिला दाखवायचं नाही." बोलताना तिचा चेहरा कठीण झाला होता, आणि त्या कठीणपणात एक आधार होता, हे सुल्माला दिसलं. भीतीला तिनं एक घर दिलं होतं, दूर, गवती छपराचं. सुल्माला इव्हेरची आई, दोन्या बासिलिया, आठवली. लग्नात एकदाच भेट झालेली. खरखरीत हातांची, कमी बोलणारी, जाताना तिनं सुल्माच्या हातात उकडलेल्या कणसांचं गाठोडं ठेवलं होतं. आता ती कुठल्यातरी टेकडीवर त्या भिंतींकडं बघत बसली असेल, आपल्याच भिंतींकडं.

आणि मग सुल्माच्या मनात जे आलं त्यानं तिला दिवसभरातल्या कशाहूनही जास्त भीती वाटली. काहीच सांगायची गरज नव्हती. मुलगी तपासलेली होती, डॉक्टरांना माहीत होतं, बाळाचं जे व्हायचं ते होणारच होतं. आपल्या रक्ताची गोष्ट आपल्यापाशी ठेवली तर कुणाचं काय बिघडणार? आणि शिवाय ते खरंही असू शकत होतं. नोएलिया दोन वर्षं त्या घरात राहिली होती, तिथल्या भिंतीतल्या किड्यानं चावलं नसेल कशावरून? ह्या दोन वाटांतली कुठली, हे आता देवालाच ठाऊक. इथं हातात घेऊन बघता येईल असा प्राणी नव्हता. पुरावा नाही तर तोंड उघडायचं नाही, हीच तर तिची जन्माची शिस्त, आणि आज ती शिस्त तिला वाचवायला कशी धावून आली होती! गप्प बस, ती सांगत होती, तुला माहीत नाही, माहीत नसताना बोलू नये. नोएलियाचं डोकं तिच्या हाताखाली ऊबदार होतं. ते तिथंच राहिलं असतं. आज, उद्या, बाळंतपणात, नंतरही.

"मलाही आहे," सुल्मा म्हणाली. नोएलियानं मान वर केली. "आज कळलं. रामिरोला दिलेलं रक्त त्यांना वापरता आलं नाही. तू पोटात होतीस तेव्हा मी त्या मिस्केकडच्या बांधांमध्ये होते, पूर्ण हिवाळा. घरट्यांत हात घालत होते. त्यातले किडे माझ्या अंगावर चढायचे, मी ते झटकायची."

"म्हणजे?"

"म्हणजे तुला माझ्याकडून आलाय. त्या बाईकडून नाही."

 टेबलावरची इस्त्री निवताना टक् टक् आवाज करत होती. "खात्री आहे तुझी?" नोएलियानं विचारलं. ती लहानपणापासून आईला हा प्रश्न विचारत आली होती, आणि आई दरवेळी म्हणत आली होती, तशी खात्री नाही, बघावं लागेल. सुल्मानं तिच्या डोक्यावरचा हात तसाच ठेवला. "हो," ती म्हणाली. "खात्री आहे."

नोएलियानं आईचा हात डोक्यावरून काढला. झटकला नाही, काढला, आणि टेबलाच्या कडेवर ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा. मग ती एका हातानं कंबर धरून उठली, फोन घेतला आणि गॅलरीत गेली. काचेचं दार तिनं लावून घेतलं नाही. सुल्मा तशीच उभी राहिली. आता ती आत येईल तेव्हा काय म्हणेल, जा म्हणेल का, पुन्हा येऊ नकोस म्हणेल का, बाळ मला तरी दाखवेल का? बाहेर फोन बराच वेळ वाजत राहिला असावा, कारण नोएलिया कठड्याला टेकून नुसतीच उभी होती. मग तिची पाठ ताठ झाली.

"आई," ती म्हणाली. सासूला ती आई म्हणते हे सुल्माला माहीत नव्हतं. "आई, मी बोलतेय. नोएलिया. नाही, बाळ बरं आहे. तुम्ही आधी माझं ऐका." आणि मग तिला पुढं बोलता येईना, ती कठड्याला धरून हुंदके देऊ लागली, आणि फोनमधून त्या म्हातारीचा बारीक आवाज पुन्हा पुन्हा विचारत राहिला, काय झालं पोरी, काय झालं.